आठ नंबरचा पेशंट

"माझ्या माणसाचं रक्त इथेच धुणार का हो?"

नव्या पेशंटची बायको बाकावरून उठून काचेच्या टाकीकडे बोट दाखवत होती. टाकीत पाणी आहे असं मानायचं, कारण दोन केशरी मासे त्यात फिरत होते. बाकी सगळं हिरवं. दगडांवर हिरवे केस उगवलेले, पंपाच्या प्रवाहात ते इकडून तिकडे डुलत होते. काचेवर हिरवा लेप, आणि वाळूवर कुणी चहा सांडून तसाच ठेवल्यासारखी तपकिरी साय.

"रक्त आत धुतात," ताई म्हणाली. "इथे मासे राहतात."

"पण ज्यांना एवढीशी टाकी साफ ठेवता येत नाही..."

"त्यांच्या हातात नवरा कसा द्यायचा! बरोबर आहे तुमचं. चला, आमचं पाणी दाखवते. ते बघा आणि मग ठरवा."

त्या बाईला ताईने मागच्या खोलीत नेलं, पाणी गाळण्याच्या प्लांटसमोर उभं केलं आणि नळ, गाळण्या, मीटर असं एकेक दाखवत गेली. बाई परत आली ती नवऱ्याला म्हणाली, "चला, आत जाऊन झोपा. पाणी चांगलं आहे." ताईने प्लांट दाखवला आणि माणसाचं मन वळलं नाही असं सहसा होत नसे.

ताई डायलिसिस टेक्निशियन. सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठ्या असलेल्या डॉक्टरबाईसुद्धा. बावीस वर्षं ती या एका कामात होती, आणि दुसऱ्या बायका आपल्या मुलांबद्दल बोलतात तशी ती पाण्याबद्दल बोलायची. डायलिसिसच्या पेशंटच्या रक्ताशेजारून आठवड्याभरात जेवढं पाणी वाहतं, तेवढं आपण सहा महिन्यांत पीत नाही. त्यात इवलीशी घाण राहिली तरी माणूस थंडीने कुडकुडायला लागतो. त्यामुळे स्वच्छता हा ताईचा स्वभाव झाला होता. ती भावाकडे राहायची. तिथे पाण्याची बादली ती पुन्हा पुन्हा विसळायची, तेव्हा भावजय हात जोडून म्हणायची, "वन्सं, एवढी एक बादली तरी आमच्या हाताची राहू द्या!"

अशा बाईच्या नाकासमोर शेवाळ वाढावं, म्हणजे शिंप्याचा सदरा भर बाजारात उसवावा तसं झालं.

टाकी भेट म्हणून आली होती. एका फर्निचरवाल्याला भावाची किडनी मिळाली, त्याची सुटका झाली, आणि जाताना "मागे राहिलेल्यांना बघायला काहीतरी" म्हणून त्याने ही छोटी समुद्री टाकी बसवून दिली. खारं पाणी, जिवंत दगड, वाळू, मासे आणि प्रवाळाचे चार तुकडे. डॉक्टरबाईंनी अट घातली की टाकी काचेच्या भिंतीच्या बाहेरच राहील आणि तिच्यातला एक थेंबही आत येणार नाही. म्हणून ती बाहेर, थांबायच्या बाकांशेजारी ठेवली. आतल्या सात बेडवरून ती काचेतून दिसायची, चार नंबरवरून तर अगदी समोर. सात बेड आत आणि ही बाहेर, म्हणून पेशंटांनीच तिचं नाव आठ नंबर ठेवलं.

पहिल्यांदा तपकिरी धूळ आली. ताईने एका रविवारी मासे बादलीत काढले, आणि मशीन निर्जंतुक करतात तशी ती टाकी निर्जंतुक केली. दगड कढत पाण्यातून काढले, ब्रशने घासले, वाळू पार पांढरी होईपर्यंत धुतली. सोमवारी टाकी अशी लखलखत होती की पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारी तपकिरी धूळ दुप्पट झाली आणि प्रवाळाचा एक तुकडा मेला.

मासेवाला, म्हणजे ज्याच्या दुकानातून टाकी आली तो, बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई, काय केलंत तुम्ही?"

"निर्जंतुक केली."

"मग काय! अहो, त्या जिवंत दगडांत जंतूच तर कामाला ठेवले होते मी. घाण तेच खातात. तुम्ही सगळ्या नोकरांना एका दिवसात काढून टाकलंत, आता घर कोण झाडणार?"

ताईला राग आला तो त्याचा नाही, स्वतःचा. चूक केली की ती लगेच मान्य करायची, पण तोंड असं करायची की समोरच्यालाच चुकल्यासारखं वाटावं.

"मग आता?"

"आता वाट बघायची. नव्या टाकीला हे होतंच. लहान मुलाला दात येताना होतं तसं. आधी हे तपकिरी येईल, मग हिरवं येईल. लाइट कमी वेळ लावा. पाणी थोडं थोडं बदला, सगळं नको. गोगलगायी देतो, त्या चरतील. हिरवं वाढलं तर हाताने उपटा. आणि मुख्य म्हणजे खायला कमी. शेवाळ उजेडावर आणि उरल्यासुरल्या खाण्यावर जगतं."

ताईने यातलं सगळं केलं. खारं पाणी तयार करायला तिने स्वतःच्या प्लांटचं पाणी वापरलं, लाइटला घड्याळाचं बटण लावलं आणि माशांना रोज एकदाच, चिमूटभर खायला द्यायला लागली. तरीही हिरवं आलं आणि जाईना. डॉक्टरबाई एकदा जाताजाता थांबल्या.

"ताई, लोक बोलायला लागलेत. महिनाअखेरीपर्यंत बघू. नाहीतर ही फर्निचरवाल्याला परत."

"महिनाअखेरीपर्यंत काच दिसेल," ताई म्हणाली. अशी वाक्यं ती नेहमीच म्हणायची आणि बहुतेक वेळा खरी करायची.

पण या वेळी टाकीबरोबर आणखी एक गोष्ट महिनाअखेरीवर येऊन ठेपली होती. ती चार नंबरची.

चार नंबरवर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळच्या पाळीला एक बसड्रायव्हर यायचा. लांब पल्ल्याच्या बस चालवून निवृत्त झालेला, अंगाने मोठा, बोलायला कमी. त्याची बायको बाहेर बाकावर बसून असायची. सगळे त्यांना काका-काकू म्हणत. त्या महिन्याच्या सुरुवातीला काकांनी डॉक्टरबाईंना शांतपणे सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही." बाईंनी त्यांना समोर बसवलं, न येण्याचा अर्थ काय होतो तो नीट समजावला. दहा दिवस, फार तर पंधरा. काका म्हणाले, "माहितीये मला. म्हणूनच आधी सांगतोय, तेवढ्यात बेड दुसऱ्याला देता येईल."

ताईने उपदेश केला नाही. उपदेशाने बसड्रायव्हर वळत नाही, एवढं तिला कळत होतं. पुढच्या फेरीला काका लवकर आले, तेव्हा तिने त्यांच्या हातात कोपरापर्यंतचा हातमोजा, एक जुना टूथब्रश आणि मोडीत काढलेला चिमटा दिला.

"हे काय?"

"सुया टोचायला अजून अर्धा तास आहे. नुसते बसण्यापेक्षा तेवढं हिरवं उपटा. ब्रशभोवती गुंडाळायचं आणि ओढायचं. सुयांचा हात वापरायचा नाही, दुसरा."

काकांनी ब्रशकडे पाहिलं, मग टाकीकडे. "रस्त्याच्या कडेची झाडी बरी याच्यापेक्षा," म्हणाले आणि मोजा चढवला.

त्या दिवसापासून काका लवकर यायला लागले. शेवाळ ब्रशभोवती गुंडाळून मुळापासून ओढायचं, वाटीत टाकायचं, पुन्हा ब्रश आत. मग आत जाऊन चार नंबरवर पडलं की मशीन चालू असताना नजर काचेबाहेर. एखादी गोगलगाय वाळूवर उलटी पडली की आतून हाक यायची, "मामा, उलटली बघा! उजवीकडच्या दगडापाशी!" मामा म्हणजे तिथले मदतनीस. वजन घेणं, चादरी बदलणं आणि फरशी पुसणं ही त्यांची कामं, आता त्यात गोगलगाय सुलटी करण्याची भर पडली. काकूंनी ताईला हळूच सांगितलं, "घरी पण त्याच गोष्टी चालतात हो. जेवताना म्हणतात, त्या मधल्या दगडावरची मुळं खोल गेलीत."

काका आणि शेवाळ, दोघंही हटेनात. काकांनी सोमवारी उपटलेलं बुधवारी पुन्हा उगवलेलं असायचं. "हे टाकून द्या ताई," एकदा ते वाटी हातात घेऊन म्हणाले, "याच्यात काही दम नाही." टाकी गेली तर हा माणूसही जाणार, हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. तिला शेवाळाशी काही देणंघेणं राहिलं नाही. तिला काका हवे होते.

तेवढ्यात पेशंटांचे महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट आले. या दिवशी ताईचा दरबार भरायचा. किडनी काम करीत नसली की खाण्यातलं फॉस्फरस रक्तात साठत जातं, अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून या लोकांना दूध, चीज, चॉकलेट, सुकामेवा, सगळ्याची बंदी, पाणीसुद्धा मोजून. ताई एकेका बेडपाशी जाऊन आकडा सांगायची आणि प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा.

"आजी, फॉस्फरस वाढलंय."

"मी तर काहीच खात नाही गं," दोन नंबरवरच्या आजी म्हणाल्या.

"मग काय हवेतून येतं का?"

"काय की बाई. हल्ली हवासुद्धा चांगली नाही."

दुपारी मासेवाल्याने दिलेली तपासणीची बाटली ताईने बाहेर काढली. टाकीतलं पाणी त्यात घ्यायचं, थेंब टाकायचे. रंग जितका निळा, तितकं उरल्या खाण्यातलं फॉस्फरस जास्त, आणि शेवाळ त्यावरच पोसतं. पण आधी तिने प्लांटचं पाणी घेतलं. थेंब तिने दोनदा मोजून टाकले, कारण ते पाणी निळं झालं असतं तर मासे बाजूलाच राहिले असते. ते तसंच राहिलं, कोरं. मग टाकीचं पाणी घेतलं. ते शाईसारखं झालं.

तिने बाटली उजेडात धरली. पाणी चांगलं, खाणं चिमूटभर. म्हणजे आठ नंबरचंही तेच म्हणणं होतं की मी तर काहीच खात नाही. आणि बावीस वर्षांत हे वाक्य एकदाही खरं निघालं नव्हतं.

"मामा, माशांच्या खाण्याची डबी कधी आणलीत?"

"परवा."

"आधीची?"

"संपली ना."

"आणि त्याच्या आधीची?"

मामांनी फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तुम्हीच घालता ना ताई? मी म्हटलं, मासे वाढत्या अंगाचे आहेत."

दुसऱ्या दिवशी ताई पाळी सुटायच्या वेळी औषधांच्या कपाटाआड उभी राहिली. सुया काढल्या की पेशंट बाहेर बाकावर बसतात, रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरतात, मग घरी जातात. पहिला बाहेर आला तो कॅशियर. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला गृहस्थ. इकडे तिकडे बघितलं, डबी उघडली, चिमूट टाकली. जरा विचार केला आणि आणखी एक टाकली. दुपारच्या पाळीतली एक शिक्षिका पर्समधून बिस्किटाचा चुरा काढत होती. आणि संध्याकाळी डॉक्टरबाई राउंड संपवून निघाल्या, टाकीपाशी थांबल्या, हातातल्या फाइलने आडोसा केला आणि त्यांचाही हात डबीत गेला.

बुधवारी आजी. एका अंगठ्याने कापूस दाबलेला, दुसऱ्या हाताने चिमूट सोडत होत्या. मासे वर आले तसा त्यांचा चेहरा खुलला. "खा रे बाबांनो," आजी म्हणाल्या, "पोटभर खा. तुम्हाला तरी कुणी मोजून देत नाही."

ताई कपाटाआडून बाहेर येणार होती ती आलीच नाही. रागवायचं ठरवून आलेली बाई डोळे पुसत प्लांटच्या खोलीत गेली. या लोकांना घोटभर पाण्यावरून ती किती बोलली होती! ते तिने त्यांच्या भल्यासाठीच केलं होतं, आणि पुढेही करणार होती, पण त्या दिवशी तिला ते फार वाईट वाटलं.

घोटाळा साधा होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पाळ्या. पुन्हा आज येणारे वेगळे, उद्या येणारे वेगळे. कुणाची कुणाशी गाठ नाही. प्रत्येक पाळीत एक दयाळू जीव होता आणि त्याला वाटत होतं की माशांना विचारणारा आपण एकटाच. ताईने प्रत्येक पाळीला जाऊन सांगितलं, "सगळ्यांनी मिळून आठ नंबरचं फॉस्फरस वाढवलंय." आधी हशा झाला. मग सगळे खाली बघायला लागले.

"मला वाटलं, मीच," आजी म्हणाल्या.

"मलाही," डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर फाइल उघडून वाचायला लागल्या.

एकटे काका त्यातले नव्हते. "मी ड्रायव्हर आहे," ते म्हणाले, "पॅसेंजरना खायला घालणं माझं काम नाही."

"आता आहे," ताईने डबी त्यांच्या हातात ठेवली. "मासेवाला म्हणतो, एक दिवसाआड दिलं तरी पुरतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तुम्ही याल तेव्हाच ते खातील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही."

"अहो, पण मी महिनाअखेरीस..."

"महिनाअखेरीपर्यंत घाला."

काकांनी डबी खिशात टाकली.

महिना संपला. डॉक्टरबाईंनी टाकीचा विषय काढला नाही, आणि काकांनी थांबण्याचा. आधी हिरव्या केसांचा रंग उतरला, मग ब्रशला न गुंडाळताच ते सुटून येऊ लागले. गोगलगायींनी काचेवर स्वच्छ वाटा पाडल्या. दगडांवर जांभळट गुलाबी ठिपके उमटले. मासेवाला म्हणाला, हे चांगलं लक्षण, आता टाकी बसली. उरलेले प्रवाळाचे तुकडे पूर्वी मुठी आवळल्यासारखे असायचे, ते बोटं पसरून डुलायला लागले. आता बाकावर जागा मिळेना. ज्याचा पेशंट नाही तोही येऊन बसायचा. ताई येताजाता टाकीकडे बघायची आणि खोटं कशाला सांगा, तिची मान थोडी ताठ व्हायची.

एका शुक्रवारी काकांनी चिमूट टाकली, काचेवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "झालं की हो स्वच्छ." जाताना डबी मामांच्या हाती दिली. मामांनी ती खणात ठेवली.

सोमवारी सकाळी चार नंबर रिकामा होता. शनिवार-रविवारची सुट्टी धरून शुक्रवार ते सोमवार हाच सगळ्यात लांबचा पल्ला. त्या दिवशी न येणं म्हणजे अंगात पाणी भरत जाणं. ताईने फोन लावला. काकूंनी उचलला.

"आंघोळ केलीय, कपडे घातलेत, आणि खुर्चीत बसलेत. म्हणतात, आता माझं काय काम आहे तिथे."

सकाळची पाळी उतरवून झाल्यावर ताई डॉक्टरबाईंकडे गेली. "दुपारची पाळी तुम्ही लावाल का? मी जाऊन येते."

"जा. पण जबरदस्ती नको ताई. निर्णय त्यांचा आहे."

"माहितीये," ताई म्हणाली आणि कामाच्या झग्यावरच निघाली.

जिना चढताना तिने काय काय बोलायचं ते जुळवलं. दार काकूंनी उघडलं. खिडकीपाशी लाकडी खुर्चीत काका बसले होते. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांत मावत नव्हते. श्वास जोरात चालला होता.

"मासे सकाळपासून उपाशी आहेत," ताई म्हणाली.

"एक दिवस काही होत नाही त्यांना. तुम्हीच म्हणाला होतात." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "डबी मामांकडे आहे. कोणीही घालेल."

"कोणीही घालायला लागलं की काय होतं ते बघितलंत ना?"

काका हसले, पण हसण्यानेही त्यांना धाप लागली. "ताई, मी काही खुळा नाही. ब्रश दिलात त्या दिवशीच मला कळलं. लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसं. म्हटलं, असू दे. एवढं एक साफ करून जाऊ. झालं साफ."

"कोण म्हणतं? पंपाच्या मागे पुन्हा उगवलंय. सकाळीच बघितलं मी."

"खोटं."

"तुमच्याशी खोटं कशाला बोलू! ते जातच नाही हो. आटोक्यात राहतं, एवढंच."

"मग कशाला घासायचं?" काकांचा आवाज एकदम चढला. "जे बरं होणारच नाही, ते किती दिवस धुवायचं? मी टाकीचं विचारत नाहीये."

"कळलं मला."

या प्रश्नाला ताईकडे उत्तरं होती. नातवंडं बघायचीत ना, बायकोचा विचार करा, नवी औषधं येतायत. बावीस वर्षं ती ही उत्तरं देत आली होती आणि त्यांनी माणसं परत येतही होती. पण आज तिने ती बाजूला ठेवली.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. "पण एक सांगा. थकलात का? थकलात म्हणून थांबायचं असेल तर तसं म्हणा. मी वाद घालणार नाही. पुढे त्रास होऊ नये म्हणून काय करायचं ते काकूंना समजावून जाईन, रोज येईन. पण टाकी साफ झाली म्हणून थांबायचं, असलं कारण मी ऐकणार नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात फडकं तसंच.

"थकलोय," काका म्हणाले. "पण तसा नाही. तिथे येऊन मी काय असतो, ताई? टपावरचं सामान. वजन करा, वर चढवा, दोरी बांधा, चार तासांनी उतरवा. त्या टाकीपाशी अर्धा तास माणसात असल्यासारखं वाटायचं. ते संपलं, मग पुन्हा सामानच."

"माझ्या मनात तुम्ही सामान नाही." ताईने स्टूल पुढे ओढलं. "आज सकाळी चार नंबर रिकामा बघितला आणि माझे हात चालेनात. दोन नंबरची सुई मला दुसऱ्यांदा टोचावी लागली. आजी ओरडल्या माझ्यावर. तुम्ही यायला हवे आहात मला. माशांसाठी नाही, मला हवे आहात. हे मी आजवर कुणा पेशंटला म्हटलेलं नाही, आणि आता म्हटलंय तर काहीतरी बोला."

बोलल्या त्या काकू.

"मला यांनी विचारलंच नाही कधी," त्या दारातूनच म्हणाल्या. "विचारलं असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं."

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. दोघी पुढे झाल्या, तसा त्यांनी हात आडवा केला, आणि त्या थांबल्या.

"दुपारी बेड आहे?"

"नाही," ताई म्हणाली. "काढते. बाईंना फोन करते, दुपारच्या पाळीतल्या एका साहेबांना संध्याकाळपर्यंत थांबवते बाहेर. कुरकुरतील, पण मासे बघत बसतील."

"किती दिवस चालायचं हे, ताई?"

"आज सोमवार. बुधवारपर्यंतचं मी सांगते. बुधवारी शुक्रवारचं सांगेन."

जिना ते एकेक पायरी, मध्ये थांबत, कठड्याला धरून उतरले. ताईने टॅक्सी थांबवली आणि मागचं दार उघडून धरलं. काका त्या दाराकडे गेलेच नाहीत. बॉनेटवर तळवा टेकत गाडीला वळसा घातला, मध्येच श्वास घ्यायला थांबले, आणि पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसले.

"काका, मागे आरामात बसा ना," टॅक्सीवाला म्हणाला.

"आराम आहे तिथे चार तास."

ताई आणि काकू मागे बसल्या. काकांनी सीटचा पट्टा ओढला. सुयांचा हात सुजलेला, त्याला धक्का लागू न देता दुसऱ्या हाताने तो खटका शोधत होते. पट्ट्याचं टोक खोबणीत बसेना, निसटत होतं. टॅक्सीवाला मदतीला हात पुढे करणार, तोच ताईने मागून त्याच्या खांद्याला स्पर्श केला. त्याने हात परत घेतला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, पुन्हा दिला. आत कुणी हललं नाही. काकांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

मग पट्टा लागला.

"हं," काका म्हणाले. "आता आरशात बघ, मागचं वाहन जाऊ दे, आणि सावकाश काढ."